लाडूचे क्रेट

मंगळवारी सकाळी ऑफिसात जाऊन अनुजाने कॉम्प्युटर उघडला, आणि जिथे रोज हिरवा गोल असायचा तिथे लालभडक गोल दिसला, आणि तिच्या पोटात जो गोळा आला ना, तो पुढे गुरुवार संपला तरी खाली उतरायचं नाव घेईना. गोलाखाली लिहिलेलं, 'परत आलेले क्रेट'. पाच क्रेट बाहेर गेले असतील तर त्यातला एकसुद्धा धड परत आलेला नव्हता.

आता एका गोलाचं एवढं काय टेन्शन, तर आधी तिची नोकरी काय ते सांगायला पाहिजे. अनुजा परळच्या गलबत लॉजिस्टिक्समध्ये लागलेली. नाव ऐकून वाटेल बोटीबिटी असतील, पण काम एकदम साधं. मोठ्या कंपन्यांचा माल गोडाऊनमध्ये घ्यायचा आणि गिरगावपासून माटुंग्यापर्यंत दुकानं, खानावळी, पोळी-भाजी केंद्रं, सगळीकडे पोचवायचा. तेल, पीठ, डाळ, साबण. अनुजाची पोस्ट मात्र कंपनीत नवीकोरी होती, सस्टेनेबिलिटी एक्झिक्युटिव्ह, आणि तीही प्रोबेशनवर. करी रोडच्या चाळीत तिच्या आईने सगळ्यांना सांगून ठेवलेलं की पोरगी 'पर्यावरणात' आहे. म्हणजे कसं, कोणाची बँकेत असते, कोणाची रेल्वेत असते, तशी हिची पर्यावरणात.

तर क्रेटची आयडिया अनुजाचीच. आधी माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जायचा आणि खोकी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. तिने म्हटलं, प्लास्टिकचे टिकाऊ हिरवे क्रेट घेऊ, माल त्यातून जाईल, गाडी पुढच्या खेपेला गेली की रिकामा क्रेट उचलून आणेल, वर्षानुवर्षं तेच फिरतील. सगळ्यांना पटलं. आणि पहिल्या दिवशी तिने काय केलं, तर प्रत्येक क्रेटमध्ये मालाच्या वर दोन बेसनाचे लाडू ठेवले, आणि एक कार्ड, 'गलबत परिवाराकडून गोड सुरुवात', खाली तिचं नाव. हेही खरं तर आईचं डोकं. आई म्हणालेली, "पहिलोच क्रेट कोरो कसो धाडतास गो? काय तरी गोड घाल." लाडवाचा फोटो लिंक्डइनवर गेला, लाइकचा पाऊस पडला, हेरंब सरांनी तो मीटिंगमध्ये मोठा करून दाखवला. आणि त्याच फोटोवरून एका मोठ्या साबण कंपनीने फोन केला की आमचा अख्ख्या दक्षिण-मध्य मुंबईचा माल तुम्हाला देऊ, पण आमच्या तपासनीस येऊन बघतील, क्रेट खरंच परत येतात का.

त्या तपासनीस, पद्मजा मॅडम, येणार होत्या गुरुवारी. त्यांनी हो म्हटलं तर अनुजाचं परमनंट होणार, नाही म्हटलं तर काय होणार हे कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

हेरंब सर म्हणजे ऑपरेशन्सचे हेड. दादरचे, शर्ट कायम कडक इस्त्रीचा, आणि माणूस रागावला की आवाज चढत नाही, उलट खाली जातो. त्या मंगळवारी आवाज इतका खाली गेलेला की अनुजाला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"क्रेट कुठे आहेत?"

"कस्टमरकडे, सर."

"ते मलाही कळतं. कस्टमरकडे का आहेत?"

"बघते, सर."

"परवा त्या येतायत. पीपीटी बघायला येत नाहीयेत, गोडाऊन बघायला येतायत. परत आलेले क्रेट दाखवा म्हणतील. काय दाखवू, तुझे लाडू?"

सरांनी खिडकीतून मागच्या शेडकडे बोट दाखवलं. तिथे नव्या क्रेटची थप्पी होती, प्लास्टिकच्या वेष्टणात, अजून उघडलेलीसुद्धा नाही.

"त्याचं पॅकिंग काढायचं, फरशीवर घासायचे, थोडे ओरखडे पाडायचे. झाले परत आलेले. आकडा मी सिस्टीममध्ये दुरुस्त करतो. तू फक्त खाली ओके कर, तिथे सस्टेनेबिलिटीचा अंगठा लागतो."

"सर, पण ते खरे..."

"सगळे करतात, अनुजा."

"मला उद्याचा दिवस द्या ना सर. मी रूटवर जाते. शोधून आणते."

सरांनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "उद्याचा दिवस. नाहीतर ओरखडे."

संध्याकाळी घरी आली तर फोनचा चार्जर सापडेना. फळीवर हात घातला तर स्टीलचा एक मोठा डबा आडवा. तो सरकवायला गेली तर आई मोरीतूनच ओरडली, "तो हलव नको, सरोजिनीचो आसा."

"मग देऊन टाक ना शेजारच्या काकीला. किती दिवस पडलाय इथे."

"रिकामो डबो कसो देव गो? रयवारी खापरोळ्यो करून घालूचो इचार होतो, जमला नाय." आई हात पुसत बाहेर आली. "आणि तुझा तोंड कित्याक उतरला?"

"क्रेट हरवलेत."

"चोरले कोणी? पोलिसात सांग."

"आई, प्लीज."

अनुजाने डबा परत होता तिथे ठेवला, आणि ती जी आडवी पडली ती छताकडे बघत. म्हणजे डबा हातात घेतला होता पोरीने. उत्तर हातात होतं. पण टेन्शनमध्ये माणसाला दिसतं का?

बुधवारी सकाळीच ती गौतमच्या गाडीत बसली. गौतम कंपनीच्या इलेक्ट्रिक टेम्पोचा ड्रायव्हर, तिच्याहून सहासात वर्षांनी मोठा, बोलण्यात कायम एक खोच. ती तीनचाकी एवढी गुपचूप चालते की लालबागच्या गल्लीत लोक बाजूलाच होत नाहीत, पाठीला चिकटली तरी कळत नाही, म्हणून हा अख्खा रस्ता तोंडाने 'ओ काका, ओ ताई' करत जातो. हेही सस्टेनेबिलिटीतच आलं.

"गौतमदादा, खरं सांगा. क्रेट विकले का कोणी?"

"नाय मॅडम."

"फुटले?"

"नाय."

"मग खाल्ले का?"

"तुम्हीच बघा. मी सांगितलं तर म्हणाल, गौतम बहाणे करतो."

पहिलं केंद्र शेवंतीकाकीचं. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एका खोलीत चार बायका ओळीने बसून पोळ्या लाटतायत, दुसरीत दोन तवे पेटलेले, आणि शेवंतीकाकी मध्ये उभी राहून एका कानाने फोनवर ऑर्डर घेतेय. अनुजाने आत पाऊल टाकलं, वर बघितलं, आणि तिच्या जिवात जीव आला. माळ्यावर हिरवे क्रेट. सगळेच्या सगळे. एकात एक रचलेले, वर जुनी साडी पांघरलेली, गणपतीचं मखर ठेवतात ना तसे. जीव आला, आणि लगेच डोकंही फिरलं.

"काकी, हे आमचे क्रेट."

"तुमचेच. घासून ठेवलेत. एकाला हळदीचा डाग होता, तो उन्हात ठेवून घालवला."

"मग परत का नाही दिलेत?"

शेवंतीकाकीने फोन खाली ठेवला आणि गौतमकडे मान केली. "ह्याला विचार."

"मी काय केलं?" गौतम दारातूनच म्हणाला. "जगदीशभाऊंनी जे सांगितलं ते मी सांगितलं."

मग एकेक बाहेर यायला लागलं. पहिल्याच आठवड्यात शेवंतीकाकीने क्रेट परत दिलेला, आत चकल्यांची पिशवी घालून. गिरगावातून एक आलेला, त्यात नारळ. दादरहून एकात आंबोळीचं पीठ. आणि गोडाऊनचे इनचार्ज जगदीशभाऊ स्कॅनर घेऊन बसलेले. त्यांचा नियम पक्का, परतीच्या क्रेटमध्ये खाण्याची वस्तू नको, उंदीर लागतात. वर ॲपमध्येही क्रेट 'रिकामा' असेल तरच परत आला धरतात, आत काही असलं की सिस्टीमला वाटतं कस्टमरने माल नाकारला. जगदीशभाऊंनी गौतमला झापला. गौतमने दुसऱ्या दिवशी अख्ख्या रूटवर सांगितलं, बायांनो, काही घालू नका, क्रेट रिकामेच द्या.

"आणि रिकामे कसे द्यायचे?" शेवंतीकाकी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे रिकामे कसे द्यायचे? तू लाडू घालून पाठवलेस. वर कार्ड, परिवाराकडून. परिवार म्हणतेस आणि भांडं रिकामं मागतेस होय?"

"काकी, ते भांडं नाहीये. पॅकिंग आहे ते. तुम्ही गॅसचा सिलिंडर देताच ना रिकामा?"

"सिलिंडरवाला लाडू देतो?"

लाटणारी एक बाई फिस्सकन हसली, मग चौघी हसल्या, पोळपाट हलले. आणि अनुजाच्या डोळ्यांसमोर घरची फळी आली. सरोजिनीकाकीचा डबा. खापरोळ्या जमल्या नाहीत म्हणून पडून राहिलेला डबा. ती तिथल्या पिठाच्या डब्यावर मटकन बसली. म्हणजे लालबागपासून गिरगावपर्यंत सगळे क्रेट असे माळ्यांवर आहेत, धुतलेले, पांघरलेले. भरून दिले तर कंपनी घेत नाही, रिकामे दिले तर यांना चालत नाही. आणि हे सगळं कोणी केलं, तर मी. दोन लाडवांनी.

"काकी, मी सांगते ना. रिकामे चालतील."

"तुला चालतील गं. मला नको का चालायला?"

"उद्या तपासायला येणारेत. माझी नोकरी आहे ह्याच्यावर."

शेवंतीकाकीने तिच्याकडे नीट बघितलं. मग तव्यावरची पोळी उतरवली, तूप सोडलं, गूळ ठेवला आणि ताटली पुढे केली. "तू घरी आलीयस ना आता? बस. खा. तुझ्या पोटात गेलं म्हणजे मी दिलं. मग ने तुझे क्रेट."

"मला भूक..."

"मग राहू देत माळ्यावर."

अनुजाच्या पोटात आधीच गोळा. त्यावर ती पोळी. प्रत्येक घास पाण्याबरोबर ढकलत होती आणि काकी बघत होती, अर्धी टाकली असती तर अर्धेच क्रेट मिळाले असते असं वाटावं अशी. शेवटचा तुकडा आत गेला तशी काकीने मान हलवली, आणि गौतम स्टुलावर चढून क्रेट खाली घ्यायला लागला.

आता पुढचा दिवस कसा गेला असेल बघा. पुढच्या केंद्रात थालीपीठ. त्याच्या पुढे उकड. चिवडा गल्लीच्या मागे एका दुकानदाराने कोकम सरबतावर सोडलं, तर त्याची बायको आतून म्हणाली, "सरबतावर काय बोळवण करताय पोरीची," आणि शिरा होईपर्यंत बसवून ठेवलं. अनुजा घड्याळ बघतेय, रवा भाजला जातोय. हिंदमाताच्या मागच्या खानावळीत भरली वांगी. गौतम बाहेर गाडीत क्रेट रचत होता आणि दर वेळी हिचा चेहरा बघून म्हणायचा, "मॅडम, अजून बरीच सस्टेनेबिलिटी बाकी आहे."

"तुम्ही खा ना दादा थोडं."

"मला कुठे विचारतायत? कार्डावर तुमचं नाव होतं."

दादरला एका दारात तर गाडं अडलंच. घरात माणूस गेलेला, सुतक. तिथे हिला खाता येईना, त्यांना द्यायला येईना. म्हातारे आजोबा दारात हात जोडून म्हणाले, "गोडाचं जेवण झालं की पाठवतो हो." अनुजाने पण हात जोडले.

मध्ये मध्ये हेरंब सरांचे फोन. पहिल्यांदा, किती झाले. मग, अजून एवढेच? मग, "तू खातेयस काय?" कारण तोंडात खरवस होता.

"सर, सांगते नंतर, मोठी स्टोरी आहे."

"स्टोरी नको, क्रेट हवेत. मी पॅकिंग उघडायला घेतोय."

फोन ठेवला. सगळ्यात जास्त क्रेट तर गिरगावात होते, तिकडच्या खानावळी मोठ्या. गाडी दादरहून निघाली, परळ मागे टाकलं, भायखळ्याच्या आसपास आली, आणि गौतम पहिल्यांदाच काही बोलेना. पुढे बॅटरीची पट्टी लाल झालेली. दिवसभर एवढ्या दारांत थांबत, वळत, परत फिरत, रोजच्यापेक्षा दुप्पट फिरली होती बिचारी.

"गिरगाव होईल ना?" अनुजाने विचारलं.

"जायचं होईल. यायचं नाय."

"तिकडे चार्ज करू."

"कुठे? कोणाच्या देवघराच्या प्लगला?"

गाडी परत फिरली. अनुजा मागे वळून बघत राहिली, जसं काही गिरगाव मागून चालत येणार आहे.

गोडाऊनमध्ये जगदीशभाऊंनी एकेक क्रेट स्कॅन केला. रिकामा. रिकामा. रिकामा. गोल लालाचा पिवळा झाला, पण पुढे जाईना. अर्धा. आणि मागच्या शेडमध्ये गेली तर काय, हेरंब सर स्वतः. कडक शर्टाच्या बाह्या वर, गुडघ्यावर बसून नवा क्रेट फरशीवर घासतायत. करकर करकर. तिला बघून थांबले, पण उठले नाहीत.

"सर, क्रेट कोणी चोरले नाहीयेत. सगळे आहेत. गिरगावचे आणि दादरच्या एका घरचे फक्त राहिलेत." आणि तिने धाडधाड सगळं सांगितलं, लाडू, चकल्या, सुतक.

सरांनी ऐकलं. हसले नाहीत. "हे तू साबण कंपनीला सांगणार? की बायका क्रेट भरल्याशिवाय देत नाहीत?"

"खरं आहे, सर."

"ही जागा टॉवरवाल्यांना हवीय, माहितेय ना तुला? हे काम मिळालं नाही तर मालक जागा देऊन टाकेल. जगदीश, गौतम, सगळे. मला हौस नाहीये ओरखड्यांची." आणि परत करकर सुरू. अनुजा तिथे उभी राहिली, दिवसभराचं सगळं घशाशी आलेलं, आणि पहिल्यांदा तिला वाटलं की ओके दाबून टाकावं.

घरी गेल्यावर आईने ताट वाढलं तर म्हणाली, नको. आई कपाळाला हात लावून बघायला लागली.

गुरुवारी पद्मजा मॅडम वेळेच्या आधीच आल्या. बाई माटुंग्याच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. जगदीशभाऊंनी चहा पुढे केला तर हात आडवा केला. "तपासणीला असताना आम्ही कोणाकडचं काही घेत नाही. पाणीसुद्धा. नियम आहे." आणि सरळ क्रेटच्या थप्पीकडे. पुढे कालचे परत आलेले, मागे ओरखडेवाले. हेरंब सर बाजूला, इस्त्री परत कडक. अनुजाच्या हातात टॅब, टॅबवर सरांनी भरलेला आकडा, आणि खाली ओकेचं बटण.

पद्मजा मॅडम पुढच्या क्रेटवरून बोट फिरवत गेल्या. मग मागच्या. मागच्या एका क्रेटपाशी जरा जास्त वेळ थांबल्या.

"हे सगळे परत आलेले?"

हेरंब सरांनी अनुजाकडे बघितलं. जगदीशभाऊ छताकडे बघायला लागले. अनुजाचा अंगठा बटणाच्या वर होता. तिला शेवंतीकाकीचा माळा दिसला, त्या क्रेटवर पांघरलेली साडी दिसली, आणि वाटलं, त्या बाईने हळदीचा डाग उन्हात ठेवून काढला आणि आपण फरशीवर घासून ओरखडे पाडतोय.

"अर्धे," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक आला की परत म्हणावं लागलं. "पुढचे अर्धे. मागचे नवे आहेत. काल घासलेत."

पद्मजा मॅडमनी पिशवीतून वही काढली.

"आणि खरे कुठे आहेत?"

"गिरगावात. माळ्यांवर. धुऊन ठेवलेत."

"का?"

मग अनुजाने सांगितलं. परत सगळं. पद्मजा मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मला एक ठिकाण दाखवा. आत्ता. गाडीला चार्ज आहे ना?"

पुढे गौतमचा टेम्पो, मागे टॅक्सीत ह्या दोघी. अनुजा खिडकीबाहेर बघत मनात म्हणत होती, क्रेट असू देत, कोणी त्यात कांदे ठेवलेले नसू देत.

गिरगावची खानावळ श्रेया नावाची मुलगी चालवायची, अनुजाच्याच वयाची, सासूबाईंचा धंदा आता हिने ऑनलाइन नेलेला. माळ्यावर क्रेट होते. रचलेले, पुसलेले. पद्मजा मॅडमनी मान वर करून बघितलं, आणि सरळ विचारलं, "हे मी आत्ता घेऊन जाऊ शकते?"

"हो, न्या ना," श्रेया म्हणाली. "बसा आधी. नारळीभात केलाय."

"मला काही घेता येत नाही."

"थोडासा."

"नियम आहे."

श्रेया अवघडली. "मॅडम, मला तसं काही नाही. मी एम.कॉम. आहे. पण..." आणि तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "पाहुण्या काही न खाता भांडी नेतायत का गं?"

बास. दोन नियम समोरासमोर उभे, आणि मध्ये माळ्यावर क्रेट. पद्मजा मॅडम हलेनात, श्रेया हलेना, गौतम स्टूल हातात धरून दारात. आणि अनुजाच्या तोंडून निघून गेलं, "यांच्या वाटचा पण मला वाढा."

दोन ताटल्या आल्या. अनुजा पाटावर बसली. गोड भात, वर तूप, लवंग, आणि समोर तिची अख्खी नोकरी साडी सावरून उभी, हातात स्वतःची बाटली. पहिली ताटली कशीबशी गेली. दुसरीला मध्येच हात थांबला. श्रेयाने पाणी पुढे केलं. सासूबाई दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. अनुजाने डोळे मिटले आणि उरलेला भात संपवला, शीतसुद्धा ठेवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता घे गं काढून," आणि गौतमने स्टूल लावलं.

परतताना टॅक्सीत पद्मजा मॅडम म्हणाल्या, "हा परतावा तुम्ही किती दिवस पोटातून करणार?"

"माहीत नाही, मॅडम."

"मी लिहिणार की क्रेट हरवलेले नाहीत, लोक ते जपतायत. आणि हेही लिहिणार की नवे क्रेट परत आलेले म्हणून मांडलेले होते. मला दोन्ही लिहावं लागेल."

"हो, मॅडम."

"तुम्ही सांगितलंत, तेही लिहीन." आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या.

मग पुढे जे झालं ते ना धड हो, ना धड नाही. साबण कंपनीने अख्खा भाग दिला नाही, फक्त लालबाग-परळ दिलं, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर, मग परत येऊन बघणार. हेरंब सर दोन दिवस अनुजाशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं आणि आवाज एवढा खाली की ती टेबलावर वाकली. "प्रोबेशन तीन महिने वाढवलंय."

"माझं?"

"तुझं. आणि तसं बघायला गेलं तर माझंही." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "ॲपमध्ये ते भरलेल्या क्रेटचं काय ते बघ. आणि परत लाडू नकोत."

आईने संध्याकाळी विचारलं, "परमनंट झालंस?"

"अजून नाही."

"मगे सरोजिनीक काय सांगू?" आई म्हणाली, आणि फळीवरचा डबा तिथेच.

नंतर एका सकाळी गौतमची गाडी गोडाऊनला लागली, आणि जगदीशभाऊंनी स्कॅनर खाली ठेवून हाक मारली. "मॅडम, जरा या. हा रिकामा नाय."

दादरचा क्रेट होता. सुतकवाल्या घरचा. गोडाचं जेवण झालेलं, आजोबांनी शब्द पाळलेला. आत केळीच्या पानात बांधलेले लाडू.

"काय करू? माल नाकारला म्हणून टाकू?"

"नको," अनुजा म्हणाली. "एक तुम्ही घ्या, एक गौतमदादांना द्या, एक मला. क्रेट पुसा. मग स्कॅन करा."

जगदीशभाऊंनी लाडू खाल्ला, हात पँटला पुसले, स्कॅन केलं. रिकामा. अनुजाच्या कॉम्प्युटरवर गोल थोडासा हिरव्याकडे सरकला असणार. तिने हुश्श केलं आणि तोंडातला लाडू गिळला, आणि गिळता गिळता तिची नजर पलीकडे गेली. गौतम दादरच्या त्याच पत्त्याचा नवा क्रेट भरत होता. तेल, पीठ, डाळ, साबण. बास, एवढंच. त्याने दार लावायला घेतलं.

"निघू ना मॅडम?"

त्यांनी लाडू दिले होते. आता हा क्रेट त्यांच्याकडे नुसता मालाचा कसा पाठवायचा?

"थांबा जरा," अनुजा म्हणाली, आणि आईला फोन लावला.